पायपुसण्याखालची वीज : पावलांवर दिवा लुकलुकवायचा कसा

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर हातात घ्या. त्यात सेल नाही, तो चार्जिंगला लावावा लागत नाही. तरी अंगठा दाबला की खट् आवाज होतो आणि टोकाशी ठिणगी उडते, वर्षानुवर्षं. ती वीज तुमच्या अंगठ्यातून आलेली असते. लायटरच्या आत एक स्प्रिंग असते. ती दाबली जाते, एका क्षणी सुटते आणि तिच्या जोरावर एक छोटी हातोडी सिरॅमिकच्या कांडीवर आदळते. हे सिरॅमिक असं असतं की त्याच्यावर दाब पडला की दोन बाजूंना विरुद्ध विद्युतभार उभे राहतात. पिअर आणि जाक क्युरी या फ्रेंच भावांनी १८८० साली क्वार्ट्झ, टूर्मलीन अशा स्फटिकांवर हे दाखवून दिलं. दाबणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला पिएझो म्हणतात. आपल्या बाजारात ‘पिझो’.

हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडून ठिणगी पडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. म्हणजे तुमचा लायटर दर खटक्याला काही हजार व्होल्ट तयार करतो. हे सांगितलं की आठवी-नववीतली मुलं लगेच विचारतात, मग याच्यावर मोबाइल का चार्ज होत नाही? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि या सगळ्या छंदाचं मर्म त्यातच आहे. व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची, पाण्याचं माप नव्हे. दहाव्या मजल्यावरून पडलेला थेंब डोक्यात सणकून लागतो, पण त्याने हंडा भरत नाही.

या लेखात आपण तीन गोष्टी करणार आहोत. अशा सिरॅमिकच्या एका पिझो चकतीवर एलईडी उजळवायचा, मग चकत्यांची फळी करून पायपुसण्याखाली ठेवायची, आणि शेवटी चुंबक व कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची, हलवायची नळी. सोल्डरिंग आयर्न सोडलं तर कशातही घरच्या सॉकेटला हात लावायचा नाही, त्यामुळे मोठ्या माणसाने शेजारी बसून मुलांबरोबर करावं असं हे काम आहे.

आधी हिशेब

हा भाग गाळून पुढे गेलात तर शेवटी हिरमोड होईल, म्हणून पाच मिनिटं वाचाच.

६० किलोचा माणूस फळीवर पाय ठेवतो आणि फळी अर्धा मिलिमीटर दबते. वजन गुणिले अंतर केलं तर मिळतात साधारण ०.३ ज्यूल. ही झाली आत गेलेली ऊर्जा. त्यातली बरीचशी लाकूड, रबर आणि आवाज यांत जिरते. एका साध्या चकतीच्या हाती दर दाबाला दहाएक मायक्रोज्यूल (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग) लागले तरी खूप झालं. सहा चकत्यांचे धरा ६० मायक्रोज्यूल. म्हणजे आत गेलेल्या ऊर्जेतला पाच हजारांतला जेमतेम एक भाग.

आता मोबाइल. ५००० मिलिअँपिअर-अवर बॅटरीत सुमारे ६९,००० ज्यूल मावतात. ६० मायक्रोज्यूलच्या पावलांनी ती भरायची तर शंभर कोटींहून जास्त पावलं लागतील. रोज दहा हजार पावलं टाकलीत तरी तीनशे वर्षं. वाटेत एक कणही वाया गेला नाही असं धरून.

पण हेच ६० मायक्रोज्यूल लाल एलईडीला दिले, एक मिलिवॅट इतक्या मंद तेजावर, तर तो ६० मिलिसेकंद उजळतो. अंधारात डोळ्याला ती लुकलुक अगदी स्पष्ट दिसते. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रश्न असा विचारायचा : माझ्याकडे इतकीच वीज आहे, तर तेवढ्यात नेमकं काय होऊ शकतं? उलट्या बाजूने, म्हणजे आधी उपकरण ठरवून मग त्याला वीज शोधायला गेलं की माणूस थकतो आणि सामान माळ्यावर जातं.

मोठ्या प्रयोगशाळांनाही हा हिशेब चुकला नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये १९९८ साली बुटात बसवायचे वीजनिर्माते करून पाहिले. तळव्याखालच्या लवचीक पिझो पट्टीने चालताना सरासरी एक मिलिवॅटच्या आसपास दिले, टाचेखालच्या सिरॅमिक पट्टीने दोनच्या आसपास. बुटाला गिअर आणि छोटा जनरेटर लावला तेव्हा पाव वॅटच्या जवळपास पोचले, पण ते धूड घालून चालणं अवघड होतं. त्या एक-दोन मिलिवॅटांवर त्यांनी काय केलं? दर काही पावलांनी बूट एक छोटा ओळख-संकेत रेडिओवरून पाठवायचा. मला त्यातली ही निवड फार आवडते. वीज जेवढी, काम तेवढंच.

सामान

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाहीतर कुठल्याही गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात हे मिळतं. दुकानात ‘पिझो डिस्क’ मागा, नाहीतर ‘बझरची प्लेट’ म्हणा.

– ३५ मिलिमीटरच्या पिझो चकत्या, आठ (सहा लावायला, दोन फुटायला). वायर आधीच लावलेल्या मिळाल्या तर त्याच घ्या.
– १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे), दहा-बारा.
– १० मायक्रोफॅरड आणि ४७ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे कपॅसिटर (वीज साठवणारे), दोन-दोन, नवे.
– लाल आणि हिरवे पारदर्शक, जास्त उजेडाचे एलईडी.
– १ किलोओहमचे रेझिस्टर, एक दाबायचं बटण, ब्रेडबोर्ड, बारीक वायर.
– सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, फ्लक्स.

घरातून घ्यायचं ते वेगळं : जुनी हवाई चप्पल, जाड कागदाची लग्नपत्रिका, पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि पातळ प्लायचे दोन सारखे तुकडे. प्रत्येकाचं काम पुढे येईल.

चकती नीट पाहून घ्या. पिवळी पितळेची पातळ गोल प्लेट, तिच्यावर मधोमध पांढरट सिरॅमिकचा लहान गोल, आणि त्याच्यावर चांदीचा झिरझिरीत थर. वीज होते ती त्या पांढऱ्या भागात. पितळ त्याला वाकायला मदत करतं. या सिरॅमिकमध्ये शिसं असतं, म्हणून ते घासायचं नाही, तासायचं नाही, फुटलेल्या कपच्या झाडून कागदात गुंडाळून टाकायच्या आणि काम झालं की हात धुवायचे.

पहिली संध्याकाळ : चकती आणि दोन एलईडी

कपॅसिटर, डायोड सगळं बाजूला ठेवा. चकतीच्या दोन वायरींना एक लाल एलईडी जोडा. मग त्याच दोन वायरींना हिरवा एलईडी जोडा, पण उलटा. म्हणजे लालचा लांब पाय जिथे, तिथे हिरव्याचा आखूड पाय.

चकती वहीवर ठेवा, पांढरी बाजू वर. खोलीतला दिवा मालवा. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने चकतीच्या मधोमध टिचकी मारल्यासारखा झटकन दाब द्या आणि झटकन उचला.

दाबताना एक रंग, उचलताना दुसरा.

मी हा प्रयोग बऱ्याच मुलांसमोर केला आहे आणि दुसरा रंग दिसला की खोलीत नेहमी एकदम आवाज उठतो. दाबल्यावर दिवा लागणार हे सगळ्यांना अपेक्षित असतं. सोडल्यावरही लागतो हे नसतं. कारण सोपं आहे. चकती वाकते तेव्हा भार एका दिशेने ढकलला जातो, सरळ होते तेव्हा तोच उलट्या दिशेने परत येतो. घरातल्या विजेसारखीच ही उलटसुलट वाहणारी वीज आहे, फक्त तिचा ताल तुमच्या बोटाचा आहे.

हळूहळू दाबून पाहा. एलईडी लागणार नाही. भार जवळपास तेवढाच तयार होतो, पण तो सावकाश वाहतो म्हणून उजेड डोळ्यांना जाणवत नाही. झटका हवा. लायटरमध्ये स्प्रिंग आणि हातोडी का आहे, ते इथे हाताला कळतं.

काहीच दिसलं नाही तर खोली खरंच अंधारी आहे का ते बघा, एलईडी धुरकट जुना तर नाही ना ते बघा, आणि मग वायरींचे सांधे बघा. दहांतल्या आठ वेळा सांधाच सुटलेला असतो.

सोल्डर करताना

वायरी नसलेल्या चकत्या आणल्या असतील तर इथे हात जपून. पितळेच्या कडेला सोल्डर करणं सोपं आहे : जरा घासा, फ्लक्स लावा, आयर्न टेकवा, सोल्डर पसरलं की उचला. पांढऱ्या भागावर मात्र फक्त एक-दोन सेकंद. तिथला चांदीचा थर इतका पातळ असतो की आयर्न रेंगाळलं तर तो सोल्डरबरोबर उचलून येतो आणि खाली मातकट डाग उरतो. त्या डागावर पुन्हा काही चिकटत नाही. शिवाय हे सिरॅमिक फार तापलं की त्याचा दाबून वीज देण्याचा गुणच जातो. चकती दिसायला ठीक, पण मेलेली.

म्हणून वायरच्या टोकाला आधीच सोल्डर चढवून ठेवा. चकतीवरही कडेजवळ सोल्डरचा बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका द्या. मग वायर ठिपक्यावर ठेवून आयर्न नुसतं टेकवा, दोन्ही वितळून एक होतात. मधोमध सोल्डर नको, तिथे पुढे रबर बसणार आहे. पांढऱ्या भागाला लाल वायर आणि पितळेला काळी, ही शिस्त सगळ्या चकत्यांना सारखी ठेवा. फळी जोडताना ती उपयोगी पडेल.

ब्रिज आणि कपॅसिटर

उलटसुलट वीज साठवता येत नाही, म्हणून ती आधी एका दिशेला वळवायची. त्यासाठी चार डायोडांचा ब्रिज. आकृतीशिवाय लक्षात ठेवायची युक्ती अशी : प्रत्येक डायोडवर एका टोकाला काळा पट्टा असतो. दोन डायोडांची पट्ट्याची टोकं एकत्र जोडा, ते झालं प्लस. उरलेल्या दोघांची बिनपट्ट्याची टोकं एकत्र जोडा, ते झालं मायनस. आता या जोडीतलं एक सुटं टोक त्या जोडीतल्या एका सुट्या टोकाला जोडा, आणि दुसरं दुसऱ्याला. जे दोन सांधे तयार झाले तिथे चकतीच्या दोन वायरी. कुठली कुठे, याने फरक पडत नाही. ब्रिजचं कामच ते आहे.

प्लस-मायनसमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याच्या अंगावर मायनसची पट्टी छापलेली असते, ती मायनसकडे. मग कपॅसिटरच्या प्लसपासून बटण, बटणानंतर १ किलोओहम, मग लाल एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय मायनसला.

बटणाला हात न लावता चकतीवर साठ-सत्तर टिचक्या मारा, सेकंदाला दोन-तीन अशा लयीत. मग बटण दाबा. एलईडी एकदा लख्ख लुकलुकेल. मघाशी टिचकीगणिक विझणारा उजेड होता, आता साठवलेला एकगठ्ठा निघाला.

टिचक्या किती लागतात हेही काढता येतं. अशा चकतीची स्वतःची क्षमता २०-३० नॅनोफॅरड असते. टिचकीला वीसेक व्होल्ट उठले तर अर्धा-पाऊण मायक्रोकूलंब भार मिळतो. १० मायक्रोफॅरडला ३ व्होल्टपर्यंत न्यायला ३० मायक्रोकूलंब लागतात. भागाकार केला तर चाळीस ते साठ. प्रत्यक्षात थोड्या जास्त लागतात, कारण पुढचा मुद्दा.

गळती

थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण तळ्याला भोक नसलं तर. या कामात नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त तास वाया जातात ते इथे, आणि माझी एक अख्खी दुपार अशीच गेली आहे. कपॅसिटरला मल्टिमीटर लावून मी टिचक्या मारत होतो. आकडा थोडा वर जायचा आणि तिथेच अडायचा. डायोड बदलले, चकती बदलली, सगळं पुन्हा जोडलं. शेवटी कंटाळून मीटर काढलं, पन्नासेक टिचक्या मारल्या, बटण दाबलं आणि दिवा लागला. दुपारभर मीटरच सगळी वीज पीत होतं.

स्वस्तातल्या बऱ्याच मीटरांचा आतला रोध १ मेगाओहम असतो. ३ व्होल्टला त्यातून ३ मायक्रोअँपिअर निघून जातात. सेकंदाला एक टिचकी मारलीत तर एका चकतीची सरासरी कमाई अर्ध्या-पाऊण मायक्रोअँपिअरच्या घरात असते. खर्च कमाईच्या चौपट! चांगल्या मीटरचा रोध १० मेगाओहम असतो, तरी त्याच्यातूनही थोडं जातंच. तेव्हा मीटर सतत लावून ठेवू नका. आधी भरा, मग क्षणभर टेकवा, आकडा बघा आणि काढा.

कपॅसिटर स्वतःही गळतो. जुन्या रेडिओतून, फुटलेल्या चार्जरमधून काढलेले तर फारच. म्हणून नवे घ्या असं वर लिहिलं. आणि ‘मोठा कपॅसिटर म्हणजे जास्त वीज’ हा समज सोडा. १००० मायक्रोफॅरडचा लावलात तर एका चकतीवर तो एलईडी उजळण्याइतका भरायला हजारो टिचक्या लागतील, आणि तोवर आत आलेलं गळून गेलेलं असेल. लहान भांडं, लवकर भरलं, लगेच वापरलं, हे इथलं गणित.

डायोडचंही तसंच. दुकानदार आपुलकीने सांगेल की शॉटकी डायोड घ्या, व्होल्टेज कमी खातो. बरोबर आहे, पण शॉटकी उलट्या दिशेने जास्त गळतो. पिझोकडे व्होल्ट भरपूर आणि भार थोडा, त्यामुळे इथे साधा १एन४१४८ बरा. कॉइलच्या नळीत परिस्थिती उलटी असते, तिथे शॉटकी घ्या.

पायपुसण्याखालची फळी

आता खरं काम. चकती सपाट जमिनीवर ठेवून तिच्यावर उभे राहिलात तर जवळपास काहीच मिळत नाही, कारण ती वाकतच नाही. तिला कडेने आधार हवा आणि मधोमध दाब हवा. पण फार वाकली तर तडकते. या दोन गोष्टींमधली जागा फार अरुंद आहे.

माझी पहिली फळी बाटलीच्या झाकणांची होती. सहा झाकणं उलटी ठेवली, त्यांच्या कडांवर सहा चकत्या, वर प्लाय. दिसायला फार सुंदर झाली होती. मामा आले, कौतुकाने तिच्यावर पाय ठेवला, आणि सहाही चकत्या कुरडईसारख्या कडकड मोडल्या. झाकणाची पोकळी सेंटिमीटरभर खोल. चकतीला सोसतो तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याचा वाक. तेव्हापासून लग्नपत्रिका.

पत्रिकेच्या जाड कागदावर बाटलीचं झाकण ठेवून पेन्सिलीने वर्तुळ काढा. त्याच्याबाहेर कंपासने ४० मिलिमीटर व्यासाचं दुसरं वर्तुळ. दोन्ही कापलीत की जी कडी उरते ती चकतीची बैठक. कागदाच्या जाडीएवढाच वाक मिळतो, त्याखाली प्लाय चकतीला आधार देतो आणि पुढे वाकू देत नाही. एकच थर. जास्त वीज मिळेल म्हणून दोन थर लावायचा मोह होतो, तो आवरा.

प्लायचे तुकडे ३० बाय २० सेंटिमीटर पुरे. खालच्या तुकड्यावर सहा कड्या फेविकॉलने चिकटवा, तीन टाचेच्या बाजूला, तीन चवड्याच्या बाजूला. प्रत्येक कडीवर चकती, पितळ खाली आणि पांढरी बाजू वर. ही दिशा महत्त्वाची आहे. वरून दाब आला की वरचं सिरॅमिक आकसतं. सिरॅमिक दाब सोसतं, ताण सोसत नाही. चकती उलटी बसवलीत तर तेच सिरॅमिक ताणलं जातं आणि लवकर तडकतं. कडेला चकती दोन ठिपके फेविकॉलवर टेकवा, पूर्ण चिकटवू नका. तिला हलायला थोडी मोकळीक हवी.

हवाई चप्पलच्या तळव्यातून साधारण १० मिलिमीटरचे सहा गोल तुकडे कापा. सगळे एकाच चपलेचे, म्हणजे जाडी सारखी. प्रत्येक चकतीच्या बरोबर मध्यावर एक. तुकडा उंच-सखल झाला तर एकच चकती सगळं वजन घेते आणि बाकीच्या नुसत्या बसून राहतात. वरचा प्लाय ठेवण्याआधी डोळा फळीच्या पातळीला आणून बघा, सगळे तुकडे एका रेषेत दिसले पाहिजेत. चार कोपऱ्यांत भांडी घासायच्या मऊ स्पंजाचे तुकडे लावा, पाय उचलल्यावर वरची फळी तेच परत वर ढकलतात. दोन्ही फळ्या रुंद रबरबँडने बांधा. स्क्रू आवळले तर हालचालच थांबते.

जोडणीत एक खाचाखोच आहे. सहाही चकत्या एकत्र जोडून एकाच ब्रिजला देण्याचा विचार स्वाभाविक आहे. पण पाऊल पडताना आधी टाच टेकते, मग चवडा. टाचेच्या चकत्यांनी वीज केली तेव्हा चवड्याच्या चकत्या रिकाम्या बादल्यांसारख्या बसलेल्या असतात आणि अर्धा भार त्याच पिऊन टाकतात. म्हणून टाचेच्या तिघींचा एक गट, सगळ्या लाल वायरी एकत्र आणि सगळ्या काळ्या एकत्र, त्यांना एक ब्रिज. चवड्याच्या तिघींना दुसरा. मग दोन्ही ब्रिजचे प्लस एकत्र, मायनस एकत्र, आणि पुढे तोच कपॅसिटर. गटातली एक जरी वायर उलटी लागली तरी ती चकती शेजारणीची कमाई खाते. लाल-काळ्याची शिस्त इथे कामी आली.

१० मायक्रोफॅरडवर माझ्या फळीला दहा-बारा पावलं लागतात, मग बटण दाबलं की दिवा. ४७ मायक्रोफॅरडला पन्नासच्या पुढे, पण लुकलुक जास्त ठसठशीत. जागेवरच कदमताल करा. मुलांकडून करवून घेतलंत तर फळी लवकर भरते आणि मुलंही दमतात.

लांब हालचालीसाठी चुंबक आणि कॉइल

पिझो चकतीला लागते थोडी पण जोरकस हालचाल. हाताची हालचाल लांब आणि मोकळी असते, तिथे १८३१ साली फॅरडेने दाखवलेली वाट बरी : तारेच्या वेटोळ्यातून चुंबक गेलं की तारेत वीज येते. सायकलच्या टायरला घासून फिरणारा डायनामो याच तत्त्वावर चालतो. ६ व्होल्ट, ३ वॅट हे त्याचं नेहमीचं माप. म्हणजे दर सेकंदाला ३ ज्यूल, आपल्या फळीची पन्नास हजार पावलं. पायडल जड का लागायचं, ते जुन्या पिढीला सांगायला नको.

नळीसाठी बोटभर लांबीची, १२ मिलिमीटरचं निओडिमियम चुंबक सहज सरकेल अशी प्लॅस्टिकची नळी घ्या. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून ३४ किंवा ३६ गेजची वाइंडिंग वायर आणा. थोडीच हवी म्हटलं तर उरलेल्या रिळातून देतात. नळीच्या मध्यावर, चुंबकाच्या लांबीएवढ्या पट्ट्यात, १००० वेढे. मोजायचा कंटाळा करू नका, शंभराच्या गटाने कागदावर रेघ ओढा. वेढे रुंद पसरले तर चुंबक आत असताना एका बाजूची वीज दुसरीला मारते.

वायरवर पारदर्शक इनॅमलचा लेप असतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून लालसर तांबं उघडं करा. ‘सगळं केलं पण लागत नाही’ अशी नळी कुणी माझ्याकडे आणली की मी आधी ही टोकं बघतो. टोकांना दोन एलईडी उलटसुलट जोडा, नळीच्या दोन्ही तोंडांना स्पंज कोंबा आणि हलवा. उजेड पिझोपेक्षा कितीतरी जास्त पडेल. माझ्या हिशेबाने चुंबकाच्या एका फेरीत अर्ध्या मिलिज्यूलच्या आसपास मिळतं, चकतीच्या टिचकीच्या निदान पन्नास पट.

ही चुंबकं लहान मुलांच्या हाती सुटी देऊ नका. दोन गिळली गेली तर आतड्यांत एकमेकांना चिकटून गंभीर इजा करतात. हृदयात पेसमेकर असलेल्यांपासूनही दूर ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करतो. ही वीज फुकट नसते. चालताना टाच पडण्यात ऊर्जा भरपूर असते, ६८ किलोच्या माणसाची ६७ वॅटपर्यंत, असा हिशेब संशोधक थॅड स्टार्नर यांनी १९९६ साली मांडला होता. पण ती सगळी काढून घ्यायला गेलात तर वाळूत चालल्यासारखं होईल. दुसरे संशोधक मॅक्स डोनेलन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली गुडघ्याला बांधायचं यंत्र केलं. पाय पुढे झेपावून थांबताना स्नायू स्वतःच ब्रेक लावतात, नेमक्या त्या क्षणी ते वीज घेतं, आणि दोन्ही पायांचे मिळून ५ वॅटच्या आसपास देतं. शरीर जिथे ऊर्जा टाकून देतंय तिथेच झोळी धरायची. पायपुसणं त्या मानाने बरं, दारात पाय आपटणारच असतात.

हे करून पुढे काय

फळी चालू झाली की बटण काढून टाकावंसं वाटतं, दिवा आपोआप लागावा म्हणून. त्यासाठी ठरावीक व्होल्टला आपोआप जोडणारं सर्किट लागतं, आणि ते स्वतः किती मायक्रोअँपिअर खातं हे आधी बघायचं. कमाईपेक्षा जास्त खाणारा पहारेकरी ठेवू नका. तोवर बटणच चांगलं. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला चपला कुठे आहेत ते एका लुकलुकीत दिसतं.

दुसरी दिशा मला जास्त आशेची वाटते. जर्मनीत सीमेन्समधून २००१ साली वेगळ्या झालेल्या एनओशन कंपनीने बिनसेलची बटणं बाजारात आणली. भिंतीवरचं बटण दाबलं की आतलं चुंबक आणि कॉइल शंभरभर मायक्रोज्यूल तयार करतात, आणि तेवढ्यात एक रेडिओ संदेश जातो, पलीकडचा दिवा लागतो. आपल्या सहा चकत्यांच्या दोन पावलांइतकीच ही ऊर्जा. फरक इतकाच की तिथे तिचा कण न् कण राखलेला असतो.

फळी पावसाळ्यात मंदावली तर घाबरू नका. प्लाय आणि कागदाच्या कड्या दमट होतात, सोल्डरिंगच्या वेळचा फ्लक्स चकतीच्या कडेला राहिलेला असतो, आणि त्या ओलसर थरातून भार पांढऱ्या भागावरून पितळेकडे निसटतो. रबरबँड सोडा, जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून प्रत्येक चकतीची कड हलक्या हाताने पुसा, फळ्या दिवसभर पंख्याखाली ठेवा. बांधण्याआधी एकेका चकतीला दोन एलईडी लावून टिचकी मारून बघा. जिथे दोन्ही रंग दिसत नाहीत, ती चकती बदला.